अर्धं आइस्क्रीम कोणी खाल्लं?

डोंबिवलीच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. नोकरी ठाण्याला, घरात नवरा, दोन मुलं आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. पत्र चार पानी आहे, त्याचा गोषवारा असा:

'जूनच्या शेवटी मॉलमध्ये फ्रोझन स्वीटकॉर्नची पाकिटं एकावर एक फुकट मिळाली. एक्स्पायरी ५ जुलैची होती. तोपर्यंत संपतील म्हणून घेतली आणि राहून गेली. दहा तारखेला मी ती टाकायला काढून ओट्यावर ठेवली, तर दहा मिनिटांत सासूबाईंनी परत आत ठेवली. म्हणाल्या, "बर्फातल्याला कसली गं तारीख? थंडीनं जंतू मरतात." नवरा म्हणतो, तुम्ही दोघी काय ते ठरवा. माझा नियम साधा आहे: तारीख उलटली की टाकायचं, नसेल उलटली तर ठेवायचं. त्याच फ्रीझरमध्ये कोलंबीचं पाकीट आहे. त्यावर पुढच्या फेब्रुवारीची तारीख आहे, म्हणून त्याला मी हात लावला नाही. सुरमईच्या तुकड्यांचा डबा आहे, मासेमारी बंद व्हायच्या आधी ३० मेला बाजारातून आणलेला. त्यावर तारीखच नाही, त्यामुळे त्याचं काय करावं कळत नाही. गटारीला सासूबाई दोन्ही करणार आहेत. (३१ मे ते १२ जून आम्ही सगळे चिपळूणला होतो. मध्ये वादळात दीड दिवस लाईट नव्हती असं शेजारी म्हणाले, पण आलो तेव्हा सगळं दगडासारखं होतं. कोलंबीचं पाकीट तर जाळीला असं चिकटलं होतं की उलथन्यानं काढावं लागलं. दोन दिवसांनी आइस्क्रीमचा डबा काढला तर अर्धा! मुलं एकमेकांवर ढकलत राहिली, शेवटी दोघांनीही बोलणी खाल्ली.) मला एवढंच सांगा, तारीख उलटलेलं फ्रोझन अन्न खाल्लेलं चालतं की नाही? हो किंवा नाही. सासूबाईंना दाखवायचं आहे.'

मैत्रिणी,

हो-नाही मागितलंस, तर आधी तेच देते. मका खा. कोलंबी आणि सुरमई टाक. गटारीला दुसरं काहीतरी करा.

म्हणजे जे तू टाकायला काढलंस ते ठेवण्यासारखं आहे आणि जे निर्धास्तपणे ठेवलंस ते टाकण्यासारखं. हे सासूबाईंना दाखवायचं असेल तर जरूर दाखव, पण पुढचंही वाच, कारण त्यातलं निम्मं त्यांनाही आवडणार नाही.

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तू कंसात टाकला आहेस. चार पानांत तारीख हा शब्द मी सतरा वेळा मोजला आणि लाईट एकदाच. खरं तर ते उलट असायला हवं होतं.

पाकिटावरची तारीख येते कुठून ते आधी बघू. कंपनी मालाचे नमुने उणे अठरा अंशांना ठेवते आणि महिन्यामहिन्यानं काढून तपासते: रंग उतरला का, चव गेली का, शिजवल्यावर पाणी किती सुटतं. माल जिथपर्यंत मनासारखा राहतो, त्याच्या थोडं अलीकडची तारीख छापते. त्या तारखेमागे एक अट असते आणि ती तिथेच बारीक अक्षरांत लिहिलेली असते: उणे अठरा किंवा त्याहून कमी तापमानात ठेवा. अट पाळली गेली तरच तारखेला अर्थ. ती तारीख त्यांच्या शीतगृहाची आहे. डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्रीझरची हमी त्यांनी दिलेली नाही.

आणि अट खरोखर पाळली गेली असेल, तर तारीख उलटल्यावर एका रात्रीत काही घडत नाही. उणे अठराला जीवाणू वाढूच शकत नाहीत. तापमान तिथे सलग राहिलं तर गोठवलेलं अन्न सुरक्षित राहतं, कमी होतो तो फक्त दर्जा, असं अमेरिकेचं कृषी खातंही सांगतं. दर्जा कमी होतो म्हणजे काय, तर मटार फिके पडतात, चिकनवर कोरडे पांढरट डाग येतात (तिथलं पाणी बर्फातूनच उडून गेलेलं असतं, ती बुरशी नव्हे), आणि जिथे तेल-तूप किंवा मासळीची चरबी असते तिथे खवटपणा येतो. गोठवलं तरी चरबी हळूहळू खवटत राहते. म्हणून बांगडा दोन-तीन महिन्यांत संपवावा, पापलेट त्याहून जास्त टिकतं आणि अख्खी कोंबडी वर्षभरही राहते. कुठल्याच पाकिटाचं पाच तारखेच्या मध्यरात्री विष होत नाही.

'एक्स्पायरी' या शब्दानं तू घाबरलीस हे समजू शकते. आपल्याकडे २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' छापणं बंधनकारक केलं आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक झालं. दोन्हींत फरक आहे. 'बेस्ट बिफोर' उलटलं म्हणजे चव थोडी उतरली असेल, माल खाण्याजोगा असू शकतो. 'एक्स्पायरी' उलटलेला माल दुकानदाराला विकताच येत नाही. दुकानात असं पाकीट दिसलं तर उचलू नकोस, आणि उचललंस तर मॅनेजरला दाखव. पण ती वेळेत विकत घेतलेली, मध्ये एकदाही न वितळलेली, शिजवूनच खायची भाजी असेल, तर आठवड्याभरासाठी मी ती फेकणार नाही. दूध, पनीर, फ्रीजच्या खालच्या कप्प्यातलं कापलेलं चिकन यांना ही सवलत नाही. तिथे तारीख म्हणजे तारीख.

तुझा मका त्या वादळानंतर आणलेला आहे, म्हणून तो सुटला. तरी एक परीक्षा घे. पाकीट कानाशी धरून हलव. दाणे खुळखुळले पाहिजेत. कारखान्यात दाणा न् दाणा सुटा गोठवलेला असतो. एकदा वितळून परत गोठला की सुटलेल्या पाण्यानं एकमेकांना चिकटून त्याची वीट होते. दोन-चार दाणे चिकटलेले असले तर ठीक, पण अख्खी वीट असेल तर दुकानातच किंवा रस्त्यात काहीतरी बिघडलेलं आहे. ही परीक्षा घरापेक्षा दुकानात जास्त उपयोगी पडते. 'एकावर एक फुकट'च्या टोपलीतली पाकिटं मी तरी खुळखुळवल्याशिवाय घेत नाही. लोक बघतात, बघू देत.

आणि मका उकळूनच खा. पाणी सुटायला ठेवलेले दाणे मुलं तसेच भेळेत घालत असतील तर ते बंद कर. युरोपात २०१५ ते २०१८ दरम्यान पाच देशांत ४७ जण लिस्टेरिया नावाच्या जीवाणूनं आजारी पडले आणि त्यातले ९ दगावले. माग काढत काढत तपास हंगेरीतल्या एका कारखान्यात गोठवलेल्या मक्यापर्यंत आणि इतर भाज्यांपर्यंत पोचला. दोष होता कारखान्यात शिरलेल्या जंतूचा, आणि गोठवल्यानं तो मेला नव्हता. लिस्टेरिया सगळ्यात जास्त छळतो गरोदर बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना. तुमच्या घरात त्याचा धोका सगळ्यात जास्त कोणाला आहे, तर सासूबाईंनाच.

तेव्हा 'थंडीनं जंतू मरतात' हे त्यांचं म्हणणं खरं नाही. ते झोपतात. ऊब मिळाली की उठतात आणि जिथे थांबले होते तिथून पुढे कामाला लागतात.

आता त्या कंसाकडे येऊ.

'आलो तेव्हा सगळं दगडासारखं होतं.' असणारच. लाईट परत आल्याला तोवर तीन-चार दिवस झाले होते, सगळं पुन्हा गोठलं होतं. मधल्या काळात काय झालं ते दगडाकडे बघून कळत नाही. पण तुझ्या घरात तीन साक्षीदार होते आणि तू तिघांचीही साक्ष लिहून पाठवलीस. कोलंबीचं पाकीट जाळीला चिकटलं होतं: म्हणजे ते मऊ पडून जाळीच्या तारांत रुतलं आणि तिथेच परत गोठलं. शेजारी म्हणाले दीड दिवस. आणि तिसरं ते आइस्क्रीम.

आइस्क्रीम मुलांनी खाल्लेलं नाही गं. आइस्क्रीममध्ये घुसळून हवा भरलेली असते. लिटरभराचा डबा वजनाला साधारण अर्धा-पाऊण किलोच भरतो, बाकी हवा. ते वितळलं की हवा निघून जाते, उरतं ते दूध तळाशी बसतं आणि तसंच गोठतं. वर जिभेला खडे लागतात. तुला लागले असतील तर आठव. ते खाऊन आता महिना होऊन गेला, कोणाला काही झालं नाही, तेव्हा घाबरू नकोस. उरलं असेल तर मात्र ओतून दे.

फ्रीझर गच्च भरलेला असेल आणि दार एकदाही उघडलं नसेल तर लाईट गेल्यावर थंडी साधारण ४८ तास टिकते, अर्धा भरलेला असेल तर २४. हे आकडे चांगल्या, बंद फ्रीझरचे आहेत. तुझा दोन दारांच्या फ्रीजचा वरचा कप्पा आहे, बाहेर जूनमधली डोंबिवली होती, घर बंद होतं. दीड दिवसात तो तग धरू शकला नाही, हे आइस्क्रीमनंच सांगितलं. वितळलेल्या पदार्थात बर्फाचे कण शिल्लक असतील किंवा तो फ्रीजच्या थंडीइतका, म्हणजे चार अंशांच्या आत असेल, तर परत गोठवता येतो. तो काळ तुमच्या गैरहजेरीत होऊन गेला. किती वेळ काय कुठल्या तापमानाला होतं हे सांगायला कोणी नाही, आणि मासळीच्या बाबतीत संशयाचा फायदा मासळीला द्यायचा नसतो.

'पण वास येत नाही' असं सासूबाई म्हणतील. आणि 'खरपूस तळलं की झालं' असंही म्हणतील. दोन्हींवर माझं उत्तर सुरमई. सुरमई, बांगडा, कुपा या मासळीच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. ती उबेला राहिली की जीवाणू त्याचं हिस्टामीन नावाचं त्रासदायक रसायन करतात. हिस्टामीन गोठवून जात नाही, धुऊन जात नाही, तळून जात नाही, आणि बऱ्याचदा त्याला वासही नसतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, धडधडतं. घरचे म्हणतात, हिला मासळीची ॲलर्जी झाली. ॲलर्जी नसते ती, मासा उबेला राहिलेला असतो. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा आणि काय खाल्लं ते सांगा. कोलंबीत हा प्रकार नाही, पण तिच्यावर वाढलेले काही जीवाणू असं विष सोडून ठेवतात की जे उकळूनही उरतं. जीवाणू कढईत मरतात, त्यांनी आधी करून ठेवलेलं तसंच राहतं.

म्हणून फेब्रुवारीची तारीख असली तरी ती कोलंबी टाक. आणि डब्यावर तारीख नव्हती म्हणून तू सुरमईपाशी अडलीस. पण ३० मे ही तारीख तुला तोंडपाठ होती. नेमकी तीच कामाची तारीख.

इथे थोडं विषयांतर. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून मासे खाणारी सगळी घरं मेअखेर फ्रीझर ठासून भरतात. आणि वादळं, पहिला पाऊस, केबल जळणं, झाड तारांवर पडणं, हे सगळं होतं त्याच्या पुढच्याच पंधरवड्यात. निसर्ग वादळ आलं ते ३ जून २०२० ला, आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडे त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. म्हणजे फ्रीझर सगळ्यात भरलेला असतो तेव्हाच तो सगळ्यात बेभरवशाचा असतो. तू एकटी फसलीस असं नाही, हे पत्र खूप घरांचं आहे.

पूर्वी याच दिवसांसाठी सुकट, सोडे, बोंबील घालायचे. सासूबाईंशी बोलायचं तर तिथून सुरुवात कर. सुकवण्यात मासळीतलं पाणी काढून टाकतात, गोठवण्यात ते पाणी आतच कुलपात ठेवतात. जंतूंना पाणी मिळत नाही, म्हणून दोन्ही टिकतं. सुकटीच्या डब्याला पावसात ओल लागली तर काय होतं, हे त्यांना कोणी सांगायला नको. त्या सुकट हातात घेऊन सांगतील, टाक. तर त्यांना एवढंच म्हण: आई, त्या दीड दिवसात आपल्या फ्रीझरला ओल लागली होती. उणे अठरा आणि जीवाणू यांपेक्षा हे त्यांना चटकन पटेल.

आणि ही कबुलीही दे की मक्याच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं. हे तुला जड जाईल, माहीत आहे. तारखेचा नियम तुला आवडतो कारण त्यात कोणाशी वाद घालावा लागत नाही, तारीखच निकाल देते. त्यांना तारीख आवडत नाही, कारण सगळा जन्म नाकानं आणि बोटांनी अन्न पारखलेल्या बाईला छापलेला आकडा सांगतो की तुझी पारख नको. कोणीतरी ओट्यावर काढून ठेवलेलं आपण परत आत ठेवणं, यात मका थोडाच असतो. पण नाक आणि बोटं शिळ्या भातासाठी ठीक, वितळून गोठलेल्या सुरमईसाठी नाहीत. आणि आकडा दुकानासाठी ठीक, वादळानंतरच्या फ्रीझरसाठी नाही.

घरात दोन-तीन गोष्टी करून ठेव. कागदी चिकटपट्टी आणि मार्कर फ्रीजवरच ठेव, आत जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर ठेवल्याची तारीख घाल. हे काम सासूबाईंना दे, त्यांचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं असेल. फ्रीझरमध्ये ठेवायचा थर्मामीटर तीन-चारशे रुपयांना मिळतो. फ्रीजवर मिरवणारे पाच तारे विजेच्या बचतीचे आहेत, थंडीचे नाहीत. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बरेचदा उणे अठरापर्यंत जातच नाही. अशा कप्प्यातलं पाकीट छापलेल्या तारखेपर्यंत नव्हे, काही दिवसांतच संपवायचं, पाकिटावर मागे तसं लिहिलेलंही असतं. मासळी रात्रभर ओट्यावर वितळत ठेवू नका, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा. घरी सोललेले मटार दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून, लगेच बर्फाच्या पाण्यात घालून मगच गोठवा, नाहीतर चार महिन्यांत गवतासारखे लागतात.

गावाला जाण्याआधी एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. बुडालेलं दिसलं तर बर्फ वितळला होता, मग मासळी, चिकन, खवलेलं खोबरं, पुरण, सारणाचे मोदक यांच्याकडे बघायचंही नाही. साधा पाव किंवा पोळ्या असतील तर त्या फार तर वातड होतील.

राहिली गटारी. मासेमारी अजून बंद असेल आणि बाजारात खात्रीची मासळी नसेल, तर ताजं चिकन किंवा मटण आणा, नाहीतर सोड्यांचं कालवण करा. मक्याची पाकिटं उकळून, वर लिंबू-तिखट लावून मुलांना द्या. आणि संध्याकाळी येताना आइस्क्रीमचा नवा डबा घेऊन ये, दोघांना समोर बसवून सांग की मागचं तुम्ही खाल्लं नव्हतं.